गोंड्याचा काठ

सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, एका अंगाला लेथवाला आणि दुसऱ्या अंगाला वेल्डिंगवाला, अशा दोघांच्या कचाट्यात ललित शेवाळेचा गाळा आहे. दोन्हीकडून दिवसभर लोखंड किंचाळत असतं. मधे हा आपला टेबलावर कॉम्प्युटर मांडून, भिंतीला एक जुना हातमाग टेकवून, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत बसलेला. गल्लीतले लोक त्याला 'विणकर इंजिनियर' म्हणतात. खरं तर तो इंजिनियर नाही, डिप्लोमा केलेला आहे. आणि विणकर तर मुळीच नाही, वणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पण सातपूरमध्ये एकदा नाव पडलं की आधार कार्डावरच्या नावापेक्षा तेच जास्त चालतं.

माणूस सरळ, अडल्यानडल्याला धावणारा. खोड एकच. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायचीही भीती वाटते. म्हणून तो 'बघतो' म्हणतो. गिऱ्हाईकाला बघतो, लाइट बिलवाल्याला बघतो, सासऱ्यांनासुद्धा बघतो. त्याची बायको हर्षाली म्हणायची, "तुमच्या 'बघतो'चा अर्थ सप्तशृंगीच्या देवीलाही लागायचा नाही. हो की नाही, एक काय ते बोलत जा ना!" ललित हसायचा आणि म्हणायचा, "बघतो."

ह्या शब्दावर त्याचं अर्धं आयुष्य छान निभावलं. पुढं ह्याच शब्दानं घात केला, तीच ही गोष्ट.

कारखान्यात पाळ्या करता करता तो मशीनचे जळके बोर्ड दुरुस्त करायला शिकला होता. एक दिवस येवल्याहून शेखर नावाचा विणकर पिशवीत एक पेटी घेऊन आला. पैठणीच्या काठाची नक्षी हल्ली पुष्कळजण कॉम्प्युटरवर चौकटी भरून काढतात, आणि मागावर बसवलेली अशी पेटी त्या नक्षीप्रमाणे कुठला धागा उचलायचा ते मागाला सांगते. शेखरची पेटी परदेशी होती आणि बंद पडली होती. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. ललित म्हणाला, बघतो. आणि त्यानं खरंच बघितलं. पेटी चालू झाली, एवढंच नाही, तर ह्या पठ्ठ्यानं पुढं तशी स्वतःचीच पेटी बनवली, तिचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि कारखान्याला रामराम ठोकला. पहिली पेटी अर्थातच शेखरच्या मागावर बसली. मग येवल्यातल्या इतरांच्या, मग मालेगावच्या यंत्रमागवाल्यांच्या.

शेखरचं घर हे तेव्हापासून ललितचं दुसरं घर झालं. शेखरची आई मंगलाबाई त्याला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. शेखरची मुलगी आरोही त्याला काका म्हणायची. आणि तिचा सख्खा काका, शेखरचा धाकटा भाऊ नाथा, शेजारच्या मागावर बसून सगळ्यांची टिंगल करायचा. नाथाचं लग्न काही जमलं नव्हतं. त्याचा सगळा जीव पुतणीवर. तिला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडणारा तोच, आणि परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर तिच्यापेक्षा जास्त घाबरून उभा राहणाराही तोच.

आता ललितच्या सॉफ्टवेअरचं थोडं सांगायला हवं, त्यावाचून पुढचं कळणार नाही. घाबरायचं कारण नाही, जेवणाच्या डब्यासारखंच आहे ते. सातपूरचा कामगार डबा घेऊन कामाला जातो. त्या डब्यात भाजी-पोळी असते आणि लोणच्याची एक छोटी डबी असते. कामगार आज ह्या खात्यात जेवो, उद्या त्या खात्यात, लोणचं त्याच्याबरोबर असतं. सॉफ्टवेअरचे भाग असेच बांधून पाठवतात. त्या एकेका बांधलेल्या भागाला मॉड्युल म्हणतात. प्रोग्राम ही त्यातली भाजी-पोळी. आणि प्रोग्रामला तोंडी लावायला जे लागतं, रंगांच्या याद्या, नक्ष्यांचे नमुने, ते आतल्या छोट्या डबीत, म्हणजे मॉड्युलच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. डबा ज्याच्या घरी उघडेल त्याच्या घरी लोणचंही उघडतं. सामायिक म्हणजे सगळ्यांचं.

सुरुवातीला ललितला हे ठाऊक नव्हतं. तो प्रोग्राममध्ये सरळ आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहायचा. त्याच्या टेबलावर सगळं झकास चालायचं आणि येवल्यात गेलं की 'फाईल सापडत नाही' म्हणून बोंब. म्हणजे कामगारानं डबा उघडावा आणि आत चिठ्ठी निघावी, की लोणचं आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. पुढं तो शिकला. प्रोग्रामनं पत्ता पाठ करायचा नाही, आपल्या मॉड्युललाच विचारायचं, तुझी डबी कुठं आहे बाबा, आणि तिथून फाईल घ्यायची. हे जमलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्यानं बांधणीच्या यादीत, म्हणजे डब्यात काय भरायचं त्या यादीत, एकच ओळ लिहून टाकली: फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं घे. एकेक फाईल मोजत कोण बसणार! वर स्क्रीनवर त्या फोल्डरसाठी 'नमुने' असं बटण दिलं आणि त्याखाली लिहिलं, 'खुशाल वापरा.' लोक वापरत होते, दुवा देत होते.

शेखरच्या घरात एक चाल होती. मुलगी जन्मली की तिच्या बापानं तिच्यासाठी एक नवा काठ काढायचा. तो कुणाला दाखवायचा नाही, विकायला विणायचा नाही. पहिल्यांदा विणायचा तो मुलीच्या लग्नात. अक्षता पडल्या की नवरीनं पदर सावरून काठ पुढं धरायचा आणि तिच्या काकानं सगळ्यांसमोर मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचं. नाव म्हणजे मुलीचंच. तोवर काठाला नाव नाही. घरातसुद्धा त्याला नावानं हाक मारायची नाही. नाव घेतलं की मग तो कुणीही विणावा, पण त्या नावानं. शेखरच्या आत्याचा काठ अजून बाजारात तिच्या नावानं मागतात. आत्या जाऊन वर्षं लोटली, पण दुकानात कुणी ना कुणी तिचं नाव घेतच असतं. मंगलाबाई म्हणायच्या, "सोनं मोडतं, घर वाटून जातं. नाव ऱ्हातं."

आरोही जन्मली तेव्हा येवल्याच्या आसपास शेतात बियाण्याचा कांदा फुलला होता. उंच दांड्यावर पांढरे गोल गोंडे. शेखरनं मोर काढला नाही, कमळ काढलं नाही. कांद्याचा गोंडा काढला. त्या गोंड्यात इतकी बारीक फुलं होती, की आलेखाच्या कागदावर ती भरता भरता त्याला चष्मा लागला. पैठणीवर कांदा म्हणून आधी नाथाच हसला. मग कागद पूर्ण झाल्यावर तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "दादा, ह्यापुढं माझ्याच्यानं काय काठ निघायचा नाय."

आरोहीचं लग्न ठरायच्या वाटेवर आलं तेव्हा शेखरनं तो कागद कॉम्प्युटरवर चढवला. आणि तिथं घोळ झाला. काठ एका बाजूला काढला की कॉम्प्युटर आरशासारखा दुसऱ्या बाजूला उलटा करून देतो. ह्या काठाच्या बाबतीत उलटं करताना मधली ओळ दोनदा यायची आणि गोंडा फुगीर दिसायचा. दोष ललितच्या प्रोग्राममध्ये होता. शेखर पेन ड्राइव्ह घेऊन सातपूरला आला.

"ललितभाऊ, ही फाईल तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. कोणाला दाखवायची नाय, हे तुला सांगायला नको."

"शेखरभाऊ, मी काय परका आहे? नाव काय देऊ हिला?"

"नाव अजून नाय तिला. तुला ठावं हाय ना?"

ललितला ठावं होतं. त्यानं मोठ्या आदरानं फाईलला आरोहीचं नाव द्यायचं टाळलं. पण कॉम्प्युटरला काहीतरी नाव लागतंच. त्यानं लिहिलं, 'नमुना'.

मग तो कामाला लागला. उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे उलटल्यावर कळावं म्हणून त्यानं डाव्या गोंड्याच्या दांड्याशी एकच चौकट भरली. एक बारीक ठिपका. तो शेखरच्या कागदावर नव्हता, नाथाला माहीत नव्हता. केवळ खूण म्हणून ललितनं ठेवलेला. प्रोग्राम फाईल शोधायचा तो सामायिक फोल्डरमध्ये, म्हणून तपासणीसाठी त्यानं ही फाईलही तिथंच टाकली. दोष सापडला. दुरुस्त झाला. ललितनं येवल्याला जाऊन शेखरच्या मागावर नवा प्रोग्राम बसवला. तिथं इंटरनेट नव्हतं, म्हणून तो पेन ड्राइव्हवर फक्त तेवढाच दुरुस्त तुकडा घेऊन गेला होता. शेखरच्या स्वच्छ फाईलवरून काठ स्क्रीनवर सुरेख उमटला. मंगलाबाईंनी त्या दिवशी पुरणाची पोळी केली.

आणि पुढच्या महिन्यात ललितनं सगळ्या गिऱ्हाइकांसाठी नवा अपडेट सोडला. फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं घे. 'नमुने' बटणाच्या फोल्डरमध्ये 'नमुना' नावाची फाईल. तिच्यावर आरोहीचं नाव असतं तर त्याचा हात तिथंच थबकला असता. नाव नव्हतं, म्हणून ती इतर चार नमुन्यांत मुकाट मिसळली आणि शेखरचं सोडून पेटी असलेल्या प्रत्येक घरात जाऊन पोचली.

दिवाळी झाल्यावर शेखरचा फोन आला. "ये. लगेच ये." आवाज असा की ललितनं बघतोसुद्धा म्हटलं नाही.

घरात माग बंद होते. माग बंद असले की ते घर ओळखू येत नाही. खाटेवर एक साडी पसरलेली होती, यंत्रमागावरची, स्वस्तातली, भडक जांभळी. तिच्या काठावर कांद्याचे गोंडे होते. शेखरनं ती गावातल्याच दुकानातून आणली होती. दुकानदारानं सांगितलं होतं की माल मालेगावचा, आणि हा काठ सध्या जोरात चालतोय.

मंगलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाथा आपल्या मागाशी उभा होता, हाताची घडी घालून, आणि त्याचा चेहरा टिंगलीचा नव्हता.

"तुला ह्यातलं कळतं," शेखर म्हणाला. "पेन ड्राइव्ह कपाटात होता. किल्ली दोघांकडं. एक मी, एक हा. हा मालेगावला दोस्ताकडं जात असतो. कॉम्प्युटरमध्ये दिसतं का, कोणी नेलं ते?"

"दादा, अरे आरोहीचा काठ मी विकीन?"

"मी तुला नाय विचारलं. मी ह्याला विचारलं."

नाथा ललितकडं वळला. "बघा, ललितदादा. नीट बघा. मी सांगून दादाला पटत नाय. तुम्ही सांगितलं की पटंल."

ललित साडीवर वाकला. डावा गोंडा, त्याचा दांडा, आणि दांड्याशी एक ठिपका. पुढच्या गोंड्याशी पुन्हा ठिपका. साडीभर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याची स्वतःची खूण. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोर शोधायला ज्याला बोलावलं होतं त्याच्याच हातचा शिक्का मालावर होता, आणि तो ओळखू शकणारा माणूस साऱ्या जगात एकच होता.

बोलायची वेळ तीच होती. दोन शब्द पुरले असते: माझ्याकडून गेलं. नाथा समोर उभा होता, शेखर ऐकत होता, मंगलाबाई बघत होत्या. शेखरनं शिव्या दिल्या असत्या, कदाचित हातही उगारला असता, आणि संध्याकाळी मंगलाबाईंनी तिघांना वाढलं असतं. पण ललितला ज्या घरानं जेवू घातलं त्या घरात आपलं तोंड काळं झालेलं बघवेना. त्याला वाटलं, आधी खात्री करू. आपली जीभ अशा वेळी आपल्याला हवी ती सबब बरोबर शोधून देते.

"बघतो," तो म्हणाला.

नाथानं सुटकेचा श्वास सोडला. बिचारा! त्याला वाटलं, आता खरं काय ते बाहेर येणार.

सातपूरला येऊन ललितनं आपलंच बांधलेलं मॉड्युल उघडलं. प्रोग्रामला विचारावं तसं विचारलं, तुझी डबी कुठं आहे. आत फाईल होती. ठिपक्यासकट. त्यानं मालेगावच्या रहेमानला फोन लावला. रहेमान यंत्रमागवाला, त्याचं जुनं गिऱ्हाईक, मोकळ्या मनाचा माणूस.

"अरे ललितभाई, तुम्हीच तर दिलं ना नमुन्यात!" रहेमान खुशीत होता. "लय मस्त पीस आहे. खाली लिहिलंय खुशाल वापरा, मग वापरलं. बाजारात नावच पडलंय, नमुना काठ. अजून असे असतील तर पाठवा की."

"रहेमानभाई, ते बंद करता येईल का? चुकून गेलं ते."

"माझं मी आजपासून बंद करतो," रहेमान म्हणाला. "तुमचा शब्द आहे. पण बाकी सगळ्यांकडं पोचलंय ना भाई. ते कसं बंद होणार?"

त्यानं खरंच बंद केलं. त्याच्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती. कुणाकडंच नव्हती, एक सोडून.

हर्षालीनं जेवताना नवऱ्याचा चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं. ऐकून ती म्हणाली, "आत्ता फोन करा."

"फोनवर कसं सांगू? समोर जाऊन सांगतो. आधी ती फाईल काढून नवा अपडेट सोडतो. सगळ्यांना सांगतो, पुसून टाका म्हणून. म्हणजे निदान म्हणता येईल, की निस्तरलं."

"अहो, तिथं माणूस चोर ठरतोय!"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

दोन दिवसांचे चार झाले, चाराचा आठवडा. ललितनं यादीतली ती 'सगळं घे'वाली ओळ काढली आणि एकेक फाईल नावानिशी लिहिली. नवी बांधणी केली. अपडेट सोडला. गिऱ्हाइकांना एकेकाला फोन केले. कुणी हो म्हणालं, कुणी म्हणालं, आता तर मागणी आलीय. ज्यांनी नक्षी आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली होती, त्यांच्यापर्यंत त्याचा अपडेट पोचणारच नव्हता. एकदा दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं लोणचं परत डबीत येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! पण काम करताना त्याला बरं वाटत होतं. आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं. मॉड्युल दुरुस्त होत होतं, आणि ज्या माणसाला दुरुस्तीची गरज होती तो येवल्यात वाट बघत होता.

आठवडा उलटल्यावर तो गेला. बसमध्ये त्यानं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. घरात शिरला तर शेखरचा माग चालू होता. नाथाचा माग झाकलेला होता. नुसता बंद नव्हे, जुनं लुगडं टाकून झाकलेला.

"नाथा कुठं आहे?"

शेखरनं मान वर केली नाही. "गेला. परवा."

परवा काय झालं ते मंगलाबाईंनी सांगितलं. गावात कुणीतरी शेखरला म्हणालं, घरचाच भेदी असल्याशिवाय नक्षी जाते होय! शेखर घरी आला आणि जेवत्या ताटावर नाथाला चोर म्हणाला. नाथानं घास खाली ठेवला. "ललितदादा सांगतील तवर तरी थांब," एवढंच म्हणाला. शेखर म्हणाला, "त्याला सांगायचं असतं तर आतापर्यंत सांगितलं असतं. तुझी लाज राखतोय तो." मग नाथा उठला, कपड्यांची पिशवी भरली आणि इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला निघून गेला.

म्हणजे ललितच्या गप्प राहण्याचासुद्धा पुरावा झाला होता, आणि तो नाथाच्या विरुद्ध गेला होता.

जुळवलेली वाक्यं सगळी विरली. तो उभ्यानंच म्हणाला, "शेखरभाऊ, नाथानं नाही नेलं. माझ्याकडून गेलं. माझ्या डब्यातून सगळ्यांकडं गेलं." मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, त्या दिवशी काढलेला साडीचा फोटो मोठा केला आणि ठिपका दाखवला. शेखरनं उठून कपाटातून आपला कागद काढला. डावा दांडा शोधला. तिथं ठिपका नव्हता. त्या रिकाम्या चौकटीवर त्यानं बोट ठेवलं.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

ललितला खोटं बोलता आलं असतं. पण आता काय वाचवायचं राहिलं होतं? "त्याच दिवशी. इथंच. ठिपका बघितला तेव्हा."

शेखर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मंगलाबाई मात्र उठल्या, आत गेल्या, आणि पहिल्यांदाच ललितला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आतूनच त्यांचा आवाज आला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रं तुम्ही दोघांनी मिळून."

शेखरनं तिथंच नाथाला फोन लावला, ललितकडं दिला. ललितनं सगळं सांगितलं. मागं यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती. नाथानं एकदाही मधे तोडलं नाही.

"बरं झालं सांगितलं, ललितदादा," शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"मग ये ना. दादाला पटलंय. लग्नाला तरी ये, आरोहीचा काठ आहे. नाव तूच घ्यायचंस."

"दादाला मी चोर नाय हे आज पटलं, कारण कॉम्प्युटरनं सांगितलं. एका ताटात जेवून त्याला ते कळलं नव्हतं. उद्या कॉम्प्युटरनं दुसरं काय सांगितलं तर?" खडखड चालूच होती. "आरोहीला म्हणावं, काकाचा आशीर्वाद हाय. फोन ठेवतो, शिफ्ट सुरू हाय."

शेखरनं हे सगळं ऐकलं, कारण फोनचा आवाज मोठा होता. त्यानं मागाकडं जाऊन नाथाच्या मागावरचं लुगडं सरळ केलं. ते वाकडं नव्हतंच.

पुढचे महिने ललितनं काय केलं नाही! इचलकरंजीला दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा नाथानं चहा पाजला आणि परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो दुसऱ्या पाळीला आहे असा निरोप बाहेर आला. आरोहीनंही फोन केले. तिच्याशी नाथा तासभर बोलायचा, हसायचा, तिला चिडवायचा. येण्याचा विषय निघाला की म्हणायचा, शिफ्ट हाय. शेखर स्वतः मात्र गेला नाही. जायला निघायचा, पिशवी भरायचा, आणि मागावर बसायचा. धाकट्यापुढं थोरल्यानं काय तोंडानं उभं राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गाळ्यात ललितला कुणी काम सांगितलं की तो हल्ली लगेच हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. लेथवाल्याला वाटतं, ह्याची तब्येत बिघडलीय.

लग्न येवल्यालाच झालं, लग्नसराईच्या ऐन भरात. शेखरनं दुसरा काठ काढायचं नाकारलं होतं. म्हणाला, पोरीचा काठ तोच, बाजारात गेला तरी पोरीचाच. त्यानं तो रेशमात आणि जरीत असा विणला होता, की कार्यालयात शिरणारा प्रत्येकजण आधी नवरीचा काठ बघत होता आणि मग नवरी. पांढऱ्या रेशमाचे गोंडे, हिरवे दांडे. कुठंही ठिपका नव्हता. ललित मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसला होता. तो सारखा दाराकडं बघत होता. शेखरही बघत होता. आरोही मान खाली घालून होती, पण दार उघडलं की तिचीही मान वर व्हायची.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. बँड थांबला. चालीप्रमाणे आरोहीनं पदर सावरून काठ पुढं धरला आणि घरातली माणसं गप्प झाली. नाव घ्यायची वेळ झाली होती. दारात कुणी नव्हतं.

क्षणभर शेखरच्या ओठांची हालचाल झाली. तेवढ्यात मंगलाबाई उठल्या. त्या खांबापर्यंत चालत आल्या.

"ललित. ऊठ. तू घे नाव."

"मावशी, मी कसा..."

"आजी, राहू दे ना," आरोही म्हणाली.

"का ऱ्हाऊ दे?" मंगलाबाई ललितकडंच बघत म्हणाल्या. "तिच्याकडनं काका म्हणवून घेतोस ना? सगळ्यांच्या घरात वाटलास तूच. मग कोणाचा हाय, ते सांगायचं पण तूच."

इथं 'बघतो' म्हणायची सोय नव्हती. ललित पुढं गेला. आरोहीच्या हातातल्या काठाकडं बघून त्यानं मोठ्यानं नाव घेतलं, "आरोही काठ!" आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. टाळ्या पडल्या. मुलींनी जल्लोष केला, कुणी फोटो काढले. शेखरनं डोळे पुसले. ललितला वाटलं, नाथाला आत्ता फोन लावावा आणि नुसत्या टाळ्या ऐकवाव्या.

मग बायका नवरीभोवती जमल्या. नवऱ्याकडच्या एक मावशी पुढं आल्या, प्रेमळ, ठेंगण्या, नव्या साडीत. साडी जांभळी होती. काठावर गोंडे होते, आणि डाव्या दांड्याशी ठिपका. त्यांनी आरोहीचा काठ बोटांत धरून कौतुकानं चाचपला.

"किती सुरेख गं! अगदी अस्सल जर. नमुना काठच ना हा? बघ, माझापण तोच!"

आरोहीनं ललितकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या काकाकडं ती ज्या नजरेनं पाहायची त्याच नजरेनं, जणू आज तोच जास्त घाबरलेला आहे. मग ती त्या बाईंकडं वळली आणि हसून म्हणाली,

"हो मावशी. तोच."